तीन नंबरचे आकडे

बादली बेचाळीस सेकंदांत भरली. मी घड्याळाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, पाणी ओतून दिलं आणि बादली पुन्हा नळाखाली धरली. या खेपेला एक्केचाळीस.

"मथुराताई, ही वही रोज तुम्हीच भरता ना?"

"हो मॅडम. सकाळी आठला आणि दुपारी दोनला."

"यात आज सकाळी तीन नंबरचं पाणी ताशी तीनशे दहा लिटर लिहिलंय."

"मग असंल तेवढं."

"मला साडेआठशे भरतंय."

मथुरा तांडेल खाली बसून फरशीवरचा तेलाचा डाग पुसत होती. डाग निघून बराच वेळ झाला होता, तरी ती पुसतच राहिली. "बादली गळकी असंल," ती म्हणाली.

गळकी बादली उशिरा भरते, लवकर भरत नाही. हे मी तिला सांगायला गेले नाही, कारण तिला ते माझ्याइतकंच कळत होतं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. मी तेव्हा तिशीची होते. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत रसायनांचं काम करत होते, आणि अलिबागच्या दक्षिणेला दिवेखार नावाच्या बंदरावर बसवलेलं आमचं एक यंत्र ठेवायचं की काढून न्यायचं, ते पाहायला आले होते. यंत्र कंपनीचं होतं. पण ज्याच्या जोरावर ते विकलं गेलं तो लेप माझा होता, त्यामुळे यंत्र परत न्यायची वेळ आली तर पुण्यात तोंड कुणाला दाखवायचं, हा प्रश्नही माझाच होता.

मासेमारीच्या ट्रॉलरच्या तळाशी पाणी साचतं. समुद्राचं खारं पाणी, त्यात इंजिनातून ठिबकलेलं डिझेल, ग्रीस, काळं ऑइल. पूर्वी ते सरळ बंदरात उपसून टाकायचे. मग पाण्यावर तवंग, आणि खडकावरच्या कालवांना रॉकेलचा वास. वर तरंगणारं तेल काढणं सोपं असतं. पण इंजिनाच्या हादऱ्यांनी घुसळून घुसळून जे पाण्यात मुरतं, ज्यानं पाणी दुधाळ दिसतं, ते नुसतं ठेवून वेगळं होत नाही. ते अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळावं लागतं, आणि पडदा म्हटला की तो चोंदतो. तेलाचे थेंब पडद्याला चिकटतात, मग एकमेकांना चिकटतात, आणि चार दिवसांत पडद्याचं मेणकापड होऊन बसतं. माझा लेप हा त्यावरचा उपाय होता. पडद्यानं पाण्याला असं घट्ट धरून ठेवायचं की तेलाला जवळ यायला जागाच उरू नये. पुण्याच्या प्रयोगशाळेत लेप लावलेला पडदा सोळा दिवस चोंदला नव्हता. दिवेखारला तो पाचव्या दिवशी हात टेकायचा.

यंत्रात चार खोके होते. प्रत्येक खोक्यात ताटाएवढे वीस पडदे, एकावर एक रचलेले. चोंदले की यंत्र थांबवून, खोका उघडून, पडदे पावडरीच्या पाण्यात धुवायचे. तोवर बोटी रांगेत उभ्या, आणि बोटी चालवणाऱ्या तांडेलांच्या शिव्या मथुरेला. शनिवारी मच्छीमार सोसायटीची सभा होती. त्यात यंत्राचा निकाल लागायचा होता. मी पोचले बुधवारी.

मथुरा चाळिशीची, दहावी पास. यंत्राची चावी कमरेला लावून फिरणारी बंदरावरची पहिली बाई. ती जागा चेअरमनच्या भाच्याला हवी होती. "चेअरमननी मला तोंडावर सांगितलंय, पहिली चूक होईल त्या दिवशी चावी भाच्याकडं," असं तिनं मी आल्या आल्या चहा देताना हसत सांगितलं होतं. हसत सांगितलं म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

आता मात्र मी ती वही घेऊन जेट्टीच्या कठड्यावर बसले. साडेआठशे म्हटल्यावर पहिली शंका येते ती पडदा फाटल्याची. फाटक्या पडद्यातून पाणी धो धो येणारच. पण मी तीन नंबरचं पाणी बरोबर आणलेल्या उपकरणात घालून तपासलं, तर त्यात तेलाचा मागमूस नव्हता. चारही खोक्यांत सगळ्यांत स्वच्छ पाणी तेच होतं. म्हणजे तीन नंबर उत्तम चालत होता, आणि वहीत तो इतरांसारखाच रडत होता.

खोटे आकडे मी पुष्कळ पाहिले होते. आमच्या धंद्यात ते पाहणं हे अर्धं काम असतं. पण लोक आकडा फुगवतात. शंभराचे दोनशे करतात. साडेआठशेचे तीनशे करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला राग येण्याऐवजी गंमत वाटायला लागली.

मी मागची पानं चाळली. एक, दोन आणि चार नंबरचे आकडे खाली-वर उड्या मारत होते, जसे मारायला हवेत तसे. तीन नंबर मात्र रोज त्या तिघांच्या बरोबर मध्ये. मी कागदावर बेरीज करून तिनानं भागून पाहिलं. सरासरी. रोज, न चुकता, जवळच्या दहावर आणलेली सरासरी. दहावीच्या गणिताचा इतका नेमानं उपयोग करणारी विद्यार्थिनी कुठल्याही मास्तरला आवडली असती. हे केव्हापासून, म्हणून आणखी मागे गेले. एकोणीस डिसेंबरपर्यंत तीन नंबरही इतरांसारखाच बेशिस्त होता. मधले तीन दिवस तो बंद, आणि तेवीसपासून तो शहाणा झाला. वीस आणि एकवीसच्या रकान्यात मथुरेच्या गोल अक्षरात एकच शेरा होता: "टँकर आला नाही."

संध्याकाळी मी एस.टी.डी. बूथवरून आमच्या डॉ. सप्तर्षींना फोन केला. ते कंपनीचे मालकही होते आणि माझे गुरूही.

"अगं मग सरळच आहे," ते म्हणाले. "तीन नंबरमध्ये तुझा लेप नीट बसलाय. बाकीच्या तिघांत बसला नाही. लावताना कारखान्यात हयगय झाली असणार. तसं लिही, तिघांचे पडदे बदलून देऊ म्हणावं, आणि ये."

"पण सर, तिनं ते लपवलं का?"

"ते तुला काय करायचंय?"

मला तेच तर करायचं होतं. सरांचं म्हणणं खरं असावं असं मनापासून वाटत होतं, कारण ते खरं असतं तर माझा लेप जिंकत होता. पण लेप चार खोक्यांना एकाच दिवशी, एकाच बादलीतून, माझ्या डोळ्यांदेखत लावला होता.

गुरुवारी सकाळी मी एक आणि तीन नंबर उघडायला सांगितले. मथुरेनं स्क्रू काढले, पण तीन नंबरच्या शेवटच्या स्क्रूला तिचा हात थबकला. दोन्हींतला एकेक पडदा मी धुतला. वापरलेले पडदे तेलानं काळेच दिसतात, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नसावं. धुतल्यावर एक नंबरचा पडदा पिवळट तपकिरी निघाला. तीन नंबरचा निळसर काळा राहिला. नखानं खरवडलं तरी रंग जाईना.

मी एका परातीत समुद्राचं पाणी घेतलं, पडदा पाण्यात पालथा धरला आणि ड्रॉपरनं खालून तेलाचा एक थेंब सोडला. एक नंबरच्या पडद्याला थेंब टेकला आणि पसरून बसला. आग्रह करून बसवलेल्या पाहुण्यासारखा तो नंतर हलेना. मग तीन नंबरचा पडदा धरला. थेंब वर आला, टेकल्यासारखा झाला, आणि गोलच्या गोल घरंगळत कडेला जाऊन पाण्यावर निघून गेला. मी दुसरा सोडला. तिसरा सोडला. दहा-बारा थेंब सोडले असतील. शेवटी शेवटी मी ते कशासाठी करतेय हेच विसरले होते, इतकं ते बघायला छान होतं.

"खराब झालाय ना?" मथुरेनं विचारलं.

"खराब? मथुराताई, असा पडदा मी जन्मात पाहिला नाही. माझ्या प्रयोगशाळेतसुद्धा नाही."

तिला आनंद व्हायला हवा होता. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "ऊन लागलं." आम्ही सावलीत होतो.

दुपारी ती जेवायला घरी गेली. मी पडदा हातात घेऊन शेडच्या मागच्या बाजूला आले. तिथं भिंतीलगत एक म्हातारा लोखंडी पिंपाखाली लाकडं सारत बसला होता. डांबराचं जुनं पिंप मधोमध कापून केलेलं, गंजानं कडा खाल्लेल्या. आत काळंशार पाणी रटरटत होतं. म्हाताऱ्याला मी येता-जाता पाहिलं होतं. पोशा नाखवा त्याचं नाव, सगळे त्याला पोशाबाबा म्हणत. सगळ्या बंदराची जाळी नायलॉनची झाली तरी हा एकटा अजून सुताचं पागजाळं विणून खाडीत फेकायचा.

"काय बगतंस गो बाय?" तो म्हणाला.

"हे काय उकळताय बाबा?"

"ऐनाची साल. कुटायची, उकलायची, निवली का त्यान जालं बुरवून ठेवायचं. दोन दीस. मंग सूत कुजत नाय."

"एवढंच?"

"एवरंच कसं? चिखल धरत नाय. शेवाल धरत नाय. नुसतं पान्यान आपटलं का साफ." त्यानं शेजारच्या काठीवर वाळत घातलेलं जाळं मला दाखवलं. "तुमचं नायलान दोन पान्यान बुलबुलीत होतं."

मी जाळ्याकडे पाहत नव्हते. त्याच्या हातांकडे पाहत होते. नखं, तळव्यांच्या रेषा, मनगटापर्यंतची कातडी, सगळं निळसर काळं. मी हातातला पडदा त्याच्या तळव्याशेजारी धरला. एकच रंग.

सालीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. लोखंडाचा गंज त्यात उतरला की अशी निळी-काळी शाई होते. पूर्वी लोक याच शाईनं लिहायचे. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. ते माझ्या पडद्यावर कसं चढलं, हे मात्र एकाच माणसाला माहीत होतं.

"बाबा, यात कुणी कधी दुसरं काही बुडवलं होतं?"

म्हाताऱ्यानं लाकूड आत सारलं. "ते तू मथुरेला इचार," तो म्हणाला. "मना मधी घेव नको."

मी लगेच विचारायला गेले नाही. मला एवढं कळत होतं की पकडलेलं माणूस खरं बोलतं, पण पूर्ण बोलत नाही. आणि मला पूर्ण हवं होतं. शिवाय शेडच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता, बारा सूचनांचा, खाली माझी सही. तो मी त्या दुपारी पहिल्यांदा नीट वाचला. सातवी सूचना: पडदे कोणत्याही परिस्थितीत वाळू देऊ नयेत. नववी: दिलेलं गोडं पाणी व पावडर यांखेरीज पडद्यांना काहीही लावू नये; तसे आढळल्यास चालकास जबाबदार धरले जाईल.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी शेडच्या पायरीवर बसलो. ती सुपात सुकट निवडत होती, मी तिला मदत केल्यासारखं करत होते.

"मथुराताई, मी तुम्हाला एक सांगते. ते अजून कुणाला सांगितलेलं नाही."

तिनं मान वर केली.

"हा माझा लेप पुण्यात सोळा दिवस टिकला, ते मी पाकिटातल्या मिठाचं पाणी करून बघितलं होतं. समुद्राचं पाणी म्हणजे नुसतं मीठ नाही, त्यात चुना असतो, आणखी काय काय असतं. माझी एक मैत्रीण मुरुडला गेली होती, तिच्याकडून मी एक बाटली खरं समुद्राचं पाणी मागवलं. त्यात लेप चार दिवसांत चोंदला."

"मग?"

"मग मी ठरवलं की बाटलीच घाण असणार. पाणी ओतून दिलं. अहवालात सोळा दिवस तेवढे लिहिले."

मथुरा माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुमाला म्हाईत होतं का हे इथं चालणार नाय."

"माहीत होतं असं नाही. माहीत करून घ्यायचं नव्हतं."

बोलून गेल्यावर मला अतिशय लाज वाटली. मी लपवलेला आकडा चार दिवसांचा होता आणि त्याच्यापायी ही बाई सहा महिने शिव्या खात होती. ती मात्र रागावली नाही. तिनं सुपातली सुकट एका बाजूला सारली आणि बोलायला लागली.

"त्या दिवशी तीन नंबर उघडला होता धुवायला. पडदे बाहेर काढले, गोड्या पान्याच्या पिंपाचा नळ सोडला तर पानी नाय. टँकर आला नव्हता. मना वाटलं येईल तासाभरात. ऊन चढत गेलं. पडदे कडेनं कडक व्हायला लागले. गावच्या विहिरीत खारं पानी आलेलं. मी हा कागद वाचला. सात नंबर म्हणतो वाळू देऊ नका. नऊ नंबर म्हणतो दुसरं काही लावू नका. दोनातला एक मोडायचाच होता."

"आणि पोशाबाबाचं पिंप."

"गोडं पानी तेवढंच होतं सगळ्या बंदरावर. साल काढून झालेली, निवलेलं. मी म्हटलं, जाल्याचं एवढं भलं करतंय ते पडद्याचं वाईट काय करंल. घातले बुडवून. टँकर आला तिसऱ्या दिवशी. काढले तर काळे ठिक्कर. किती धुतले, किती धुतले मॅडम, हाताची सालं निघाली, पण रंग जाईना. तसेच बसवले. यंत्र चालू केलं, आणि तीन नंबर धावायलाच लागला."

"मग ते चांगलंच झालं की."

"मना काय म्हाईत चांगलं? तुमच्या कंपनीच्या माणसानंच शिकवलेलं, पानी एकदम वाढलं तर पडदा फाटला समजायचं. रोज काचेच्या ग्लासात धरून बघायची, साफ दिसायचं. पण त्यानंच सांगितलेलं, डोळ्याला दिसत नाय असं पन तेल असतं." ती खाडीकडे बघायला लागली. "दोन महिने झाले, मना वाटतंय मी खाडीत तेल सोडतेय. माझ्याच लोकांच्या खाडीत. आणि सांगायला गेले तर चावी गेली."

मी तिला तपासणीचे आकडे दाखवले. तीन नंबरमधून तेलाचा थेंबही गेला नव्हता, हे तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा तिला पटलं. मग ती रडली, आणि रडता रडता हसायलाही लागली. मलाही इतकं बरं वाटलं की मी तिच्या सुपातली सुकट मांडीवर सांडली.

"माझं नाव कुठं येऊ देऊ नका," ती म्हणाली. "वहीत खोटं लिवलंय मी. ते कळलं तर भाचा नाचंल."

"नाही येणार," मी म्हटलं. "शब्द देते."

शनिवारची सभा जेट्टीवरच्या बर्फाच्या कारखान्याच्या ओसरीत होती. मी भाषण केलं नाही. सगळ्यांना शेडमध्ये नेलं, चेअरमनच्या हातात माझं घड्याळ दिलं आणि तीन नंबरच्या नळाखाली बादली धरली. बेचाळीस सेकंद. मग एक नंबर. दोन मिनिटं होत आली तरी बादली भरेना, तेव्हा लोक हसायला लागले. मी म्हटलं, महिनाभराची मुदत द्या, चारही खोके तीन नंबरसारखे करून देते.

चेअरमन खूश दिसत होते. तेवढ्यात भाच्यानं वही उघडली. "पण यात तर तीन नंबरचे तीनशेच लिवलेत," तो म्हणाला. "दोन महिने. हे काय मथुरावहिनी?"

मथुरेचा हात कमरेच्या चावीवर गेलेला मला दिसला. विचार करायला वेळ नव्हता, आणि खरं तर विचार करायची गरजही वाटली नाही.

"ते आकडे माझ्या सांगण्यावरून तसे लिहिलेत," मी म्हटलं. "तीन नंबरवर आमच्या कंपनीची चाचणी चालू होती. निकाल लागेपर्यंत बाहेर फुटायला नको होता."

चेअरमननी मान डोलावली. कंपनीची चाचणी म्हटल्यावर त्यांना काही विचारायचं उरलं नाही. सभेच्या इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं. मुदत मिळाली, चावी मथुरेच्या कमरेला राहिली. बाहेर पडताना तिनं माझा हात घट्ट धरला, आणि मी सुखानं पुण्याला गेले. मी आयुष्यात बोललेलं ते सगळ्यांत चांगलं खोटं आहे, असं मला वाटत होतं.

पुढचं वर्ष माझ्या नोकरीतलं सर्वांत आनंदाचं. मी पोशाबाबाकडून पोतंभर साल आणली, गंज किती, किती वेळ, कुठल्या तापमानाला, खारं पाणी कितपत, सगळं खोदून काढलं. टॅनिन आणि लोखंड मिळून पडद्यावर केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ थर चढतो, पाण्याला धरून ठेवतो, आणि समुद्रातला चुना त्याचं काही वाकडं करू शकत नाही. या खेपेला खरं समुद्राचं पाणी मी पिंपानं मागवलं. पडदे चोवीस दिवस चालले. माझा जुना लेप मी माझ्या हातानं रद्द केला. सरांनी नव्याचं पेटंट घ्यायचं ठरवलं, आणि अर्जात पहिलाच रकाना होता: शोध कुणी लावला.

मी दिवेखारला गेले. मथुरेला सगळं समजावून सांगितलं. पेटंट म्हणजे काय, त्यावर नाव असलं तर ते कायमचं कसं राहतं, पुढे हे पडदे कुठे कुठे विकले जातील. ती शेडमध्ये खुर्चीवर बसून ऐकत होती. आता चारही खोके धावत होते आणि वहीत खरे आकडे होते.

"माझं नाव?" ती म्हणाली. "सरकारी कागदावर?"

"पहिलं तुम्हीच केलंत."

तिला ते हवं होतं. मला तिच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसलं, त्यात शंकेला जागा नव्हती.

"पण मग कसं केलं ते सांगावं लागंल," ती म्हणाली. "टँकर, पिंप, आणि वही. तुमी सभेत सांगितलेलं खोटं पडंल. भाचा आता कमिटीत आलाय."

मी वहीची पानं चाळत राहिले.

"सांगावं लागंल ना, मॅडम?"

"हं," मी म्हटलं.

"मग राहू दे. तुमचं घाला."

निघण्याआधी मी वकिलांना नेमकं हेच विचारलं होतं. त्यांनी हसून सांगितलं होतं की अर्जात नाव आणि कृती एवढंच लागतं. वही कुणी मागत नाही, मच्छीमार सोसायटीच्या सभेत कोण काय बोललं हे कुणी विचारत नाही. तिचं नाव घालायला काहीही अडचण नव्हती. हे मला दिवेखारला पाय ठेवण्याआधीपासून ठाऊक होतं. आणि तिनं "राहू दे" म्हटलं तेव्हा मला हायसं वाटलं.

ती मला सोडायला एस.टी.च्या थांब्यापर्यंत आली. गाडीला उशीर होता. अर्धा तास आम्ही दोघी उभ्या होतो, पोशाबाबाच्या खोकल्याबद्दल बोललो, तिच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोललो. वही कुणी मागत नाही, एवढं सांगायला एक वाक्य लागलं असतं. अर्धा तास पुष्कळ होता.